‘काय भाजी केली?’ हा सार्वजनिक प्रश्न आहे

परभणी जिल्ह्यात कुणाच्याही दारात जा. राम राम झाला की दुसरा शब्द येतो, "जेवलात का?" समोरचा जेवलेला असो नसो, म्हणतो, "हाव, आताच." संपला विषय. पुढं पाणी येतं, चहा येतो, आणि मग बोलणं सुरू होतं ते पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं, लग्नाचं, इलेक्शनचं. जेवणाचं जे विचारलं होतं ते उंबऱ्यातच राहतं.

आज त्या उंबऱ्यात राहिलेल्या प्रश्नावर लिहितोय. रस्ते, पाणी, महापालिका, पीकविमा यावर लिहिणारा माणूस आज भाजी-भाकरीवर कामून घसरला, असं काही जणांना वाटेल. वाटू द्या. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

माझं म्हणणं एवढंच आहे: काय खाता, फावल्या वेळात काय करता, दिवस कसा जातो, हे प्रश्न आपण एकमेकांना विचारतो, पण उत्तर ऐकायला थांबत नाही. आणि ज्या गावात ही उत्तरं कुणी ऐकत नाही, त्या गावाचं रेशन, त्या गावाचं बजेट, त्या गावातली वाचनालयं आणि मैदानं ही भलत्याच कुणाच्या अंदाजावर चालतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत प्रश्न विचारण्याला एकच शब्द नाही. विचारपूस वेगळी, चौकशी वेगळी आणि पाहणी वेगळी. तिन्हींत प्रश्न तोच असू शकतो. फरक पडतो तो विचारणाऱ्याला उत्तराचं काय करायचंय यानं.

चौकशी कशी असते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जिंतूरचं किंवा पालमचं पोरगं शिकायला परभणीत येतं, भाड्याची खोली शोधतं. घरमालक विचारतो, "कुण्या गावचे? आडनाव काय? खाण्यापिण्याचं कसं?" वरवर बघितलं तर तीन साधे प्रश्न. पण त्या पोराला बरोबर कळतं की आपली जात विचारली जातेय, धर्म विचारला जातोय. त्यानं ‘मला सुकट आवडते’ म्हटलं की खोली ‘कालच गेली’ असते. इथं जेवणाचा प्रश्न दार उघडायला नव्हता, बंद करायला होता. पुण्या-मुंबईत आपल्याच लेकरांना हाच अनुभव येतो तेव्हा आपण चिडतो. आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली देताना मात्र आपणही तेच तीन प्रश्न त्याच क्रमानं विचारतो.

असंच पगाराचं, असंच लग्नाचं, असंच ‘पाळणा कधी हलणार’चं. या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस उत्तर देत नसतो, हिशेब देत असतो. म्हणून लोक आता साध्या प्रश्नालाही बिचकतात. "काय चाललंय?" "काही नाही." "काय म्हणताय?" "निवांत." ही उत्तरं नाहीत, ही दाराला लावलेली कडी आहे.

दुसरी पाहणी. ही सरकारची. तिला नावं ठेवायचं कारण नाही, तिचा उपयोग मोठा आहे. 2011 नंतर आपल्याकडं जनगणनाच झाली नाही. आपला जिल्हा 18 लाख 36 हजारांचा, हा आकडा अजून त्याच जनगणनेचा चालतोय. आता 2027 च्या जनगणनेसाठी पहिल्या टप्प्यात, म्हणजे घरयादीच्या वेळी, 33 प्रश्न ठरवलेले आहेत. भिंत कशाची, छत कशाचं, पाणी कुठून, संडास आहे का, रेडिओ आहे का, टीव्ही आहे का, इंटरनेट आहे का. आणि त्यातच एक प्रश्न आहे: घरात मुख्य धान्य कोणतं खाता?

बघा, सरकार सुद्धा जेवणाचं विचारतंय! पण उत्तर एका शब्दात द्यायचंय. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी. आता परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या घरातली माय या प्रश्नावर काय सांगेल? ती म्हणेल, "गहू." प्रगणक गहू लिहून घेईल आणि पुढच्या घरी जाईल. त्याचं काही चुकलं नाही. पण माणूस थांबला असता आणि त्यानं विचारलं असतं, "भाकर खात नाही का माय आता?" तर पुढचं सगळं निघालं असतं.

काय निघालं असतं? हा ज्वारीचा मुलूख. आपल्या कृषी विद्यापीठाची स्थापना 1972 ची. त्याच्या ज्वार संशोधन केंद्रानं काढलेल्या वाणांना गावाचंच नाव आहे: परभणी ज्योती, परभणी मोती, परभणी शक्ती. यातली परभणी शक्ती 2018 ची, लोह आणि जस्त जास्त असलेली. रक्त कमी असलेल्या बायामाणसांसाठी, लेकरांसाठी उपयोगी पडावी म्हणून मुद्दाम तयार केलेली ज्वारी. तिला नाव आपल्या गावाचं, आणि आपल्या किती घरांच्या ताटात ती आहे? मोजायची तर आधी विचारावं लागेल.

ज्वारी ताटातून गेली ती काही कुणाला आवडेनाशी झाली म्हणून नाही. खरिपात सोयाबीन आलं आणि हायब्रिड हटलं. रब्बीची ज्वारी काढायला माणसं मिळेनात. पाखरं राखायला पोरं राहिली नाहीत, ती शाळेत गेली, चांगलंच झालं. घरी जनावरं कमी झाली, तशी कडब्याची गरज कमी झाली. आणि रेशनवर गहू-तांदूळ आला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्यही लिहिलेलं आहे, तेव्हाचा दर एक रुपया किलो. 2023 पासून माणशी 5 किलो धान्य फुकट झालं. पण पिशवीत पडतं ते बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच.

आता भाव बघा. 2025-26 हंगामासाठी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये, मालदांडीचा 3,749. गव्हाचा पुढच्या हंगामाचा 2,585. एकेकाळी भाकर गरिबाची आणि पोळी सणाची होती. आता फुकटच्या गव्हाची पोळी रोजची, आणि भाकर ज्याला परवडते त्याची, किंवा हायवेवरच्या ढाब्यावर ‘गावरान थाळी’तली. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. बॅनर लागले, पाककृती स्पर्धा झाल्या, ज्वारीचे केकसुद्धा झाले. पण ‘तुमच्या घरात आठवड्यातून किती दिवस भाकर होते, आणि कमी झाली असेल तर कामून’ हा एक साधा प्रश्न गल्लीगल्लीत विचारला असता, तर त्या वर्षाचं खरं काम झालं असतं. उत्तरात कुठं ‘रेशनला ज्वारी द्या’ आलं असतं, कुठं ‘गिरणी लांब आहे’ आलं असतं, कुठं ‘सुनेला भाकर थापता येत नाही’ आलं असतं, आणि कुठं ‘चुलीवरची जमायची, गॅसवर जमत नाही’ आलं असतं. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. त्यांचा इलाजही चार प्रकारचा आहे. पाहणीत चारही ‘गहू’ म्हणून एकाच रकान्यात पडतात.

म्हणून म्हणतो, ‘काय भाजी केली?’ हा सार्वजनिक प्रश्न आहे.

आता बायांकडं या. हा प्रश्न रोज विचारतात तो त्यांनाच. "आज काय केलंय?" असं नवरा विचारतो, पोरं विचारतात, शेजारीण विचारते. पण "तुला काय आवडतं?" हे कोण विचारतं? आपल्या आईला कोणती भाजी आवडते ते आठवून बघा. बापाची आवड लगेच सांगता येईल. कारण घरात त्याच्या आवडीचं होतं. आईची आवड सांगताना बऱ्याच जणांची जीभ अडखळेल, आणि मग आपण म्हणू, "तिला काय, सगळंच चालतं." चालतं म्हणजे आवडतं असं नाही.

केंद्राच्या सांख्यिकी खात्यानं 2019 ला आणि नंतर 2024 ला वेळ-वापर सर्वेक्षण केलं. म्हणजे पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासानं तुम्ही काय केलं ते विचारायचं. 2024 चा देशाचा आकडा असा: घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवते, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. आणि घरकाम करणारा पुरुष? 88 मिनिटं. पाच वर्षांपूर्वी हे 299 आणि 97 होतं. म्हणजे बाईचं दहा मिनिटांनी कमी झालं, तर पुरुषानंही नऊ मिनिटं काढून घेतली. हिशेब चोख!

हा आकडा कुणी तरी दारात बसून, अर्ध्या तासाचा हिशेब विचारला म्हणून कळला. नाहीतर आपल्याकडं बाईला विचारलं, "काय करता?" तर ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." पावणेपाच तासांच्या कामाला ‘काही नाही’ म्हणायची सवय तिला कुणी लावली? उत्तर ऐकून न घेणाऱ्यांनी लावली. म्हणजे आपणच.

खरं तर हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नव्हती. गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं. जनाबाई तिथली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी ही तिची रोजची कामं, आणि तीच तिच्या अभंगांत आली. तिचा देव देवळात उभा राहून दर्शन देत नाही, जात्याला हात लावायला येतो. देवालाही तिनं तिच्या दिवसात ओढलं. सातशे वर्षं झाली, बाईचा दिवस कसा जातो हे आपण अजून तिच्याकडून ऐकतो, आणि शेजारच्या खोलीतल्या बाईला विचारत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या ताडकळसच्या बाईचा आवाजही आहे. या ओव्या काही त्या दिवशी जन्माला आल्या नव्हत्या. त्या त्या बायांच्या तोंडी जन्मभर होत्या. घरच्यांनी ऐकल्या, पण कुणी ‘पुन्हा म्हणा, लिहून घेतो’ असं म्हटलं नव्हतं. बाहेरचं कुणी तरी आलं, समोर बसलं आणि विचारलं. विचारपूस म्हणतात ती हीच.

आता छंद. हा शब्द आपल्याकडं तीनच ठिकाणी निघतो. एक, शाळेत, ‘माझा आवडता छंद’ या निबंधात. दोन, लग्नाच्या बायोडेटात, जिथं सगळ्यांचे छंद वाचन आणि संगीत असतात. तीन, यूपीएससीच्या अर्जात आणि मुलाखतीत, जिथं लोक क्लास लावून छंद पाठ करतात. या तिन्ही ठिकाणी छंद मार्कांसाठी असतो. मार्क नसताना, नुसतं जाणून घ्यायचं म्हणून, "मोकळ्या वेळात काय करता हो?" असं विचारलं तर माणूस आधी संशयानं बघतो. मग म्हणतो, "वेळ कुठंय?"

परभणीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बघा. खुर्च्या भरलेल्या. सोनपेठ, मानवत, सेलू, पूर्णा, कुठून कुठून आलेली पोरं-पोरी. कुणाचं दुसरं वर्ष, कुणाचं सहावं. खुल्या वर्गाला 38 आणि राखीव वर्गाला 43 वर्षांपर्यंत राज्यसेवेची परीक्षा देता येते, त्यामुळं आशा लांबते. त्यांना दिवसातून दहा माणसं विचारतात, "निकाल कधी?" गावी गेलं की पारावर तोच प्रश्न. म्हणून काही जण सणालाही गावी जात नाहीत. यातल्या एकाला कुणी विचारत नाही की, बाबा, तू हलगी भारी वाजवायचास, वाजवतोस का अजून? तुला पाखरांची नावं येत होती, आठवतात का? परीक्षा पास झाली तर त्याला नाव मिळेल. नाही झाली तर? तर ‘त्यानं काय केलं इतके दिवस’ एवढंच उरतं. ज्याला निकालाशिवाय दुसरं काही विचारलंच जात नाही, त्याला हळूहळू वाटायला लागतं की निकालाशिवाय आपल्यात दुसरं काही नाहीच. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आपल्या बी. रघुनाथांचं बघा. 1913 मध्ये जन्म, बांधकाम खात्यात नोकरी, 1953 मध्ये गेले, अवघ्या चाळीस वर्षांचं आयुष्य. निजामाच्या राजवटीत कार्यालयाची भाषा वेगळी, हे लिहीत राहिले मराठीत: कविता, कथा, कादंबऱ्या. त्यांनी कचेरीत किती फायली निकाली काढल्या ते आज कुणाला माहीत नाही आणि कुणाला त्याची गरजही नाही. परभणीनं सभागृहाला नाव दिलं ते कचेरीच्या बाहेर त्यांनी जे केलं त्याच्यासाठी. माणसाचं पोट ज्यावर चालतं ते एक आणि माणूस ज्यानं ओळखला जातो ते दुसरं, हे आपल्या गावाला चांगलं माहीत आहे. पण ते फक्त गेलेल्या माणसांच्या बाबतीत.

एकेकाळी हे विचारणारी एक सरकारी जागाही आपल्याकडं होती. आकाशवाणीचं परभणी केंद्र. फर्माईशीच्या कार्यक्रमांना पोस्टकार्डं जायची. गाण्याच्या आधी गावाचं नाव आणि घरातल्या सगळ्यांची नावं वाचली जायची. हसण्यासारखं वाटतं आता, पण बघा, ती एक मोठी गोष्ट होती: ‘तुम्हाला काय आवडतं’ असं कुणी तरी विचारत होतं आणि उत्तर अख्ख्या मराठवाड्याला ऐकवत होतं. आज आपल्या हातातला फोन आपली आवड न विचारताच ओळखतो आणि त्याची जाहिरात समोर आणून ठेवतो. ओळखतो खरा, पण ऐकून कुणी घेत नाही.

आता दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

पहिला: "हे पोट भरल्यावरचे चोचले आहेत. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं शेतं खरवडून नेली. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागतं. आणि तुम्ही छंद विचारताय?"

आक्षेप खरा आहे. एका प्रश्नानं कुणाचं कर्ज फिटत नाही. भाव मागायचा तो मागायलाच पाहिजे, मदत भांडून घ्यायलाच पाहिजे. पण आपत्तीत शेतकऱ्याला काय विचारलं जातं ते आठवा. पंचनाम्यात गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसान किती टक्के. आणि एखाद्यानं जीव दिला, तर त्याच्यामागं घरच्यांना विचारलं जातं: सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, वसुलीचा तगादा होता का. मग एक लाखाच्या मदतीला पात्र की अपात्र. हे प्रश्न लागतात, मी नाही म्हणत नाही. पण तो माणूस जिवंत असताना, त्याचं पारावर येणं बंद झालं, जेवण कमी झालं, भजनात बसायचा तो बसेना, हे कुणाच्या लक्षात यायला पाहिजे होतं? तलाठ्याच्या? ते शेजारच्याच्याच लक्षात येऊ शकतं. आणि शेजारच्याला ते तेव्हाच कळेल जेव्हा त्याला आधी माहीत असेल की हा माणूस भजनात बसायचा, याला अंबाडीची भाजी आणि कण्या आवडायच्या, हा संध्याकाळी बैल धुवायचा. चांगल्या दिवसात विचारून ठेवलेलं वाईट दिवसात उपयोगी पडतं. वाईट दिवसात पहिल्यांदाच विचारायला गेलं की ती चौकशी वाटते.

दुसरा आक्षेप: "लोकांच्या घरात डोकावायचं कशाला? हा भोचकपणा आहे."

हाही खरा आहे. म्हणून तर विचारपूस आणि चौकशी यातला फरक आधीच सांगितला. मला त्याच्या तीन खुणा दिसतात. पहिली, विचारणाऱ्यानं स्वतःचंही सांगायची तयारी ठेवायची. ‘आमच्याकडं आज पिठलं, तुमच्याकडं?’ यात बरोबरी आहे. नुसतं ‘तुमच्याकडं काय?’ यात तपासणी आहे. दुसरी, उत्तरावरून समोरच्याचं काही अडता कामा नये: खोली नाही, नोकरी नाही, मान नाही. तिसरी, समोरच्यानं ‘जाऊ द्या’ म्हटलं की जाऊ द्यायचं. या तीन गोष्टी पाळल्या की भोचकपणा उरत नाही.

फेब्रुवारीत आपल्याकडं उरूस भरतो, तेव्हा हे आपोआप होतं. तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याला कोण कुठला येतो, कोण कुठल्या धर्माचा, कुणी विचारत नाही. पाळण्याच्या रांगेत, खाण्याच्या गाड्यांपुढं माणसं अनोळखी माणसाला सहज विचारतात, "कसं आहे हो? तिखट आहे का?" आणि समोरचा मनापासून सांगतो. आपल्याला जमत नाही असं नाही. वर्षातून काही दिवस जमतं ते बाकीच्या दिवसांत का जमू नये?

आता शेवटचं आणि कामाचं. नुसतं ‘एकमेकांशी बोला’ असं सांगून मी थांबणार नाही. आपल्याकडं यासाठी जागा आहेत, त्या वापरायच्या आहेत.

कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. कितीतरी गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन होते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळं महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. कुठं कुलूप, कुठं फक्त पेपर. शाळा आहेत, अंगणवाड्या आहेत, बचत गटांच्या बैठका आहेत. शहरात वॉर्ड आहेत, अभ्यासिका आहेत.

पुढच्या महिला सभेत, बचत गटात, वाचनालयाच्या ओट्यावर एक तास काढा आणि हे सात प्रश्न विचारा. कागदावर नावं लिहू नका, फक्त उत्तरं लिहा.

1. घरात आठवड्यातून किती दिवस भाकर होते? कमी झाली असेल तर कामून?
2. लहानपणी खायचात आणि आता मिळत नाही, असा एक पदार्थ कोणता?
3. फक्त स्वतःला आवडतं म्हणून शेवटचं काय शिजवलं होतं, आणि कधी?
4. संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही कुठं असता? कुठं असायला आवडलं असतं?
5. तुम्हाला येतं, पण गावात कुणाला माहीत नाही, असं काय आहे?
6. ज्या दिवशी काम नसतं त्या दिवशी काय करता?
7. ज्याच्याशी पोटभर बोलता येतं, असं माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आहे का?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं रेशन दुकानाच्या दक्षता समितीकडं न्या. चौथ्या प्रश्नाची उत्तरं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात टाका. वीस बायांनी ‘संध्याकाळी बसायला उजेडाची जागा नाही’ म्हटलं, तर तो एका दिव्याच्या खांबाचा आणि दोन बाकांचा खर्च आहे, कमानीच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी. पाचव्या प्रश्नातून गावात कोण काय शिकवू शकतं त्याची यादी तयार होते: गोधडी शिवणारी, हार्मोनियम वाजवणारा, विहिरीत पोहायला शिकवणारा, मोडीतली कागदं वाचणारा. शाळेतल्या लेकरांपुढं या माणसांना महिन्यातून एकदा उभं करा. याला कुठल्याच योजनेची वाट बघावी लागत नाही.

आणि सातव्या प्रश्नाला जो ‘नाही’ म्हणेल, त्याचं उत्तर कुठल्याच आराखड्यात टाकता येत नाही. ते आपलं काम आहे. ज्यांची लेकरं पुण्याला, हिंजवडीला, हैदराबादला गेली आणि जे दोघं किंवा एकटेच मागं राहिले, त्यांना रोज फोनवर एवढंच विचारलं जातं: "गोळ्या घेतल्या का?" काळजीचाच प्रश्न आहे, पण त्याला ‘हो’शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी एकदा "आज काय भाजी केली?" विचारा. मग "कशी केली?" विचारा. मग "आजी कशी करायची?" विचारा. बघा फोन किती वेळ चालतो ते.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. म्हणा, माझी हरकत नाही. पण जर्मनीचं राहू द्या, आधी शेजारच्या घरात आज काय शिजलं ते आपल्याला माहीत आहे का?

आज ही पोस्ट वाचून झाल्यावर एकाच माणसाला एकच प्रश्न विचारा. घरातल्या बाईला विचारला तर उत्तम. "तुला काय आवडतं?" ती आधी म्हणेल, "मला काय, सगळंच चालतं." तिथं उठू नका. बसा. दुसऱ्यांदा विचारा.